गोळी सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर
(आरोग्य शिक्षिकेने जोडप्यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी पाळणा लांबवायच्या गोळीविषयी बोलणार आहे. ही गोळी कोणती, कुठे मिळते, हे आशाताईंनी तुम्हाला घरी येऊन सांगितले असेलच. मी बोलणार आहे ते गोळीच्या त्रासाविषयी आणि गोळीआधी करायच्या तपासणीविषयी. त्रासाची गोष्ट काढली तर बायका घाबरतील आणि गोळी सोडतील, असे काही जणांना वाटते. मला तसे वाटत नाही. आपल्या बाया शेतात फवारणीचे औषध हाताळतात, बाळंतपणे सोसतात, घरच्या दुखण्याखुपण्याला उभ्या राहतात. त्यांना खरे सांगितले तर त्या नीट वागतात. न सांगितले तर मात्र गोंधळ होतो.

गोंधळ दोन तऱ्हेचा असतो. एक बाई गोळी सुरू करते, चौथ्या दिवशी मळमळते, शेजारीण म्हणते, ‘तुला बाधली गं, टाकून दे.’ ती टाकून देते. वर्षाच्या आत कडेवर एक आणि पोटात एक अशी तिची अवस्था होते. दुसरी बाई जावेच्या पाकिटातून चार गोळ्या मागून घेते, मग दुकानातून पाकीट मागवते. तिचा रक्तदाब कोणी कधी मोजलेलाच नसतो. तो वाढलेला असला तर तिने मोठा धोका घरात घेतलेला असतो आणि तिला त्याची खबर नसते. पहिलीला उगाच भीती पडली, दुसरीला पडायला हवी होती ती पडली नाही. या दोघींसाठी हे बोलणे आहे. त्यांच्या मालकांसाठीही आहे, म्हणून पुरुषमंडळींनी मागच्या मागे उठून जाऊ नये.

सरकारी दवाखान्यात माला-एन नावाची गोळी फुकट मिळते. माला-डी थोड्याशा किमतीत मिळते. दोन्हींतले औषध एकच आहे. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ औषधाच्या आणि ७ वेगळ्या रंगाच्या, त्या लोहाच्या. औषधाच्या गोळीत दोन संप्रेरके असतात. स्त्रीच्या अंगात पाळीचे चक्र चालवणारी जी द्रव्ये असतात, त्याच जातीची ही दोन. ती रोज ठराविक प्रमाणात पोटात गेली की बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडत नाही. बीज नाही म्हणजे गर्भ नाही. गोळी पोटात साठून गाठ होते, असे जे बोलले जाते ते खोटे आहे. ती पचते, रक्तात जाते, यकृतातून निचरून बाहेर पडते. साठत नाही म्हणूनच तर ती रोज घ्यावी लागते.

आता अंगाला नवे औषध मिळाले म्हणजे अंग कुरकुर करणारच. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ होते, डोके थोडे जड होते, छाती भरून आल्यासारखी दुखते, मधेच कपड्याला डाग पडतो. कुणाला उगाच रडू येते, चिडचिड होते. बहुतेकींचे हे दोन-तीन पाकिटांत आपोआप कमी होते. मळमळीवर साधा उपाय म्हणजे गोळी रात्री जेवणानंतर, निजायच्या आधी घ्यावी. मधेच डाग पडला म्हणून गोळी थांबवू नये; थांबवली तर रक्तस्राव उलट वाढतो आणि दिवस राहण्याची भीती ती वेगळीच. लोहाच्या गोळ्या चालू असतात त्या आठवड्यात पाळी येते. ती पूर्वीपेक्षा कमी जाते. ‘घाण आतच राहिली’ असे म्हणणाऱ्या बायका भेटतात. आत काही राहत नाही. गर्भाशयाचे अस्तरच पातळ बनते, म्हणून जाते कमी. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांना हे सोयीचेच आहे.

वजनाविषयी नेहमी विचारले जाते. या गोळीने बाई फुगते असे पाहण्यांत सिद्ध झालेले नाही. किलो इकडे, किलो तिकडे होऊ शकते.

तीन महिन्यांनंतरही त्रास चालूच राहिला तर नर्सबाईंना सांगावे. दुसरे साधन देता येते. त्रास सोसत बसण्यात काही मोठेपणा नाही. पण एक करा, गोळी मनाने बंद करायची असेल तर त्याच दिवसापासून निरोध सुरू करा. पाकीट फेकले आणि दुसरे काहीच धरले नाही, यातच बहुतेक घोटाळे होतात.

इथपर्यंत किरकोळ त्रासाची गोष्ट झाली. आता कामाची.

गोळी सुरू करण्याआधी एक तपासणी झालीच पाहिजे, ती म्हणजे रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो. सोनोग्राफी नको, रक्ताच्या दहा तपासण्या नकोत, निरोगी बाईला आतून तपासण्याचीही सक्ती नाही. कोणी तुम्हाला गोळीसाठी म्हणून महागड्या तपासण्यांची यादी दिली तर ‘कशासाठी?’ असे विचारायला लाजू नका. पण रक्तदाब मात्र हवाच. उपकेंद्रात तो मोजतात, पैसे पडत नाहीत. या गोळीतल्या एका संप्रेरकाने काही बायकांचा रक्तदाब चढतो. आधीच चढलेला असेल तर मेंदूतली किंवा हृदयाची रक्तवाहिनी बंद पडण्याचा धोका वाढतो. आणि वाढलेला रक्तदाब बहुधा बोलत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, बाई पाणी भरते, भाकऱ्या थापते, आणि आत दाब वाढलेला असतो. म्हणून ‘मला काही होत नाही’ हे उत्तर इथे चालत नाही.

मोजण्याची पद्धतही सांगते. डोंगर चढून, हंडा उतरवून आल्या आल्या दंड पुढे करू नका. पाच मिनिटे टेकून शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. मोजताना बोलू नका. मोजून झाल्यावर आकडा विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. तो आकडा तुमचा आहे. वरचा आकडा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त आला, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. एकदाच जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यावा; दवाखान्याच्या धास्तीनेही कधी कधी चढतो. गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, आणि पुढे वर्षातून एकदा तरी. चढू लागला तर गोळी बंद करून दुसरे साधन घ्यावे लागते. बाळंतपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता, पायांवर सूज आली होती, त्यांनी हे आवर्जून सांगावे.

रक्तदाबाच्या खालोखाल महत्त्वाचे म्हणजे नर्सबाईंच्या प्रश्नांना खरी उत्तरे देणे. ते प्रश्न उगाच चौकशा म्हणून नसतात.

मूल अंगावर पीत असेल आणि सहा महिन्यांच्या आतले असेल, तर ही गोळी घेऊ नये, कारण दूध कमी होण्याचा संभव असतो आणि बाळंतपणानंतरचे पहिले दिवस रक्त गोठण्याच्या दृष्टीनेही जपायचे असतात. अशा आईसाठी दुसऱ्या गोळ्या आहेत, त्यांचे पुढे सांगते. मूल दूध पीत नसले तरी बाळंतपणानंतर तीन आठवडे ही गोळी नको. वय ३५ च्या पुढे आणि विडी ओढण्याची सवय, तर गोळी नको. विडी वळणाऱ्या भागात काही आयाबाया ओढतातही, आणि नर्सबाईंसमोर लाजेने नाही म्हणतात. मिश्री, तंबाखू लावणाऱ्यांनीही ते लपवू नये. हृदयाचा आणि रक्तदाबाचा अंदाज घेताना तेही धरावे लागते.

पूर्वी कधी पायात किंवा छातीत रक्ताची गाठ अडकली असेल, हृदयाचा आजार असेल, अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, सध्या कावीळ किंवा यकृताचा आजार असेल, तर ही गोळी नाहीच. मधुमेह फार वर्षांचा असेल किंवा त्याने डोळे, मूत्रपिंड बिघडले असेल तरीही नाही. अर्धशिशीचे दुखणे नीट सांगावे. डोके दुखू लागण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसणे, नजरेचा एक भाग अंधारणे, हाताला मुंग्या येणे असे होत असेल, तर ‘डोकं दुखतं’ एवढेच सांगून भागणार नाही. अशा बाईला या गोळीने मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. अंगावरून अवेळी रक्त जात असेल आणि त्याचे कारण कळलेले नसेल, तर आधी कारण शोधायचे, मग गोळी. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या भागांत सिकलसेलचा आजार आहे. घरात तो असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

आणि दुसरी औषधे! हा मुद्दा मी मुद्दाम थांबून सांगते, कारण तो फार जणींना ठाऊक नसतो. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. ते घेतल्यावर लघवी केशरी-तांबूस होते, हीच त्याची ओळख. हे औषध यकृताला इतके कामाला लावते की गर्भनिरोधक गोळी अंगात टिकतच नाही, लवकर निचरून जाते. बाई रोज इमानाने गोळी घेते आणि तरी दिवस जातात. मग दोष गोळीला, नाहीतर बाईला. फिट्‌सवरच्या काही औषधांचेही असेच आहे. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही त्यांतली. क्षयाचे किंवा फिट्‌सचे औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. साधन बदलता येते. सर्दी-तापाच्या नेहमीच्या औषधांनी गोळीचा गुण कमी होत नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे एका पिशवीत घालून दवाखान्यात न्यावीत, नावे लक्षात ठेवायची कटकट नको. वैदूची पुडी असली तर तीही न्यावी.

आता धोक्याच्या खुणा. या पाच आहेत आणि त्या नवऱ्यालाही पाठ पाहिजेत, कारण त्या वेळी बाईला स्वतःहून चालता-बोलता येईलच असे नाही. एका पायाची पोटरी सुजून खूप दुखणे. छातीत एकाएकी दुखणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे. कधी नव्हे असे भयंकर डोके दुखणे. दिसण्यात एकदम बिघाड होणे, जीभ अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे. पोटात जोराचे दुखणे किंवा डोळे पिवळे होणे. यांतले काहीही झाले तर गोळी ताबडतोब बंद. घरी तेल चोळत बसायचे नाही, देवऋष्याकडे जायचे नाही. १०८ नंबरची गाडी बोलवायची आणि पोहोचताच डॉक्टरांना पहिले वाक्य सांगायचे, ‘ही माला-एन घेते.’

ऐकून घाबरलात ना? मग प्रमाण किती तेही ऐका. दहा हजार बायांची जत्रा डोळ्यांपुढे आणा. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार बायांत वर्षाला साधारण दोघींना शिरेत रक्ताची गाठ होते. या प्रकारची गोळी घेणाऱ्या दहा हजारांत पाच ते सात जणींना होते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हे प्रमाण याहूनही जास्त असते, म्हणजे नको असलेले गरोदरपण हा काही बिनधोक मार्ग नव्हे. गाठीचा धोका पहिल्या वर्षात अधिक असतो. आणि तपासून, विचारून जिला गोळी दिली आहे तिचा धोका आणखी कमी. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा पाय मोडून महिनाभर अंथरुणावर पडून राहावे लागणार असेल, तर मात्र गोळी चालू आहे हे आधी सांगा. ती काही काळ बंद ठेवावी लागते.

जुन्या माणसांच्या मनात गोळीची धास्ती आहे, तिला थोडे कारणही आहे. अमेरिकेत १९६० साली पहिल्या गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. तिच्यात इस्ट्रोजेन जातीचे संप्रेरक १५० मायक्रोग्रॅम होते. आजच्या माला-एनमध्ये त्या जातीचे ३० मायक्रोग्रॅम आहे. त्या जबर मात्रेने बायकांना गाठी झाल्या, त्याचा बोभाटा झाला. १९७० साली तिथल्या संसदेत सुनावणी चालू असताना बायका उठून उभ्या राहिल्या आणि ‘हे आम्हाला आधी का सांगितले नाही?’ असे विचारू लागल्या. त्यानंतर गोळीच्या पाकिटासोबत धोक्याची माहिती देणारा कागद घालणे तिथे सक्तीचे झाले. मला त्या बायकांचे कौतुक वाटते. तुमच्या पाकिटात कागद निघाला तर तो चुलीत घालू नका. घरातल्या शिकत्या पोरीकडून वाचून घ्या.

गोळी चुकली तर काय, हे थोडक्यात सांगते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करावी. पुढे बाणाच्या दिशेने रोज एक. एक चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि त्या दिवसाचीही नेहमीच्या वेळी घ्या. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या तर आठवताच एक घ्या, पाकीट पुढे चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात घडले तर औषधाच्या उरलेल्या गोळ्या संपवून लोहाच्या सोडून द्या आणि लगेच नवे पाकीट सुरू करा. लोहाची गोळी चुकली तर बिघडत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. गोळ्या चुकल्या आणि पाळीही आली नाही, तर आशाताईंकडे लघवीच्या तपासणीची पट्टी फुकट मिळते, ‘निश्चय’ नावाची. तिने खात्री करून घ्या.

अजून एका गोळीविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. गौरी-गणपती, घरचे लग्न, वारी, सत्यनारायण आला की दुकानात चिठ्ठीशिवाय एक गोळी मागितली जाते, ‘पाळी पुढे ढकलायची’. पाळी आली म्हणून बाई विटाळली हे मला मान्य नाही, पण ती चर्चा आज राहू द्या. ही नॉरएथिस्टेरॉनची गोळी असते. एरवी दिवसातून तीन वेळा, काही दिवस घेतात. ती पाळणा लांबवायची गोळी नव्हे. ती घेतल्याने दिवस राहणार नाहीत असे समजू नका. या मात्रेत तिचा काही भाग अंगात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून ज्यांना रक्ताच्या गाठीचा धोका आहे त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. ज्या आधीच माला-एन घेतात त्यांना तर तिची गरजही नाही. लोहाच्या गोळ्या वगळून पुढच्या पाकिटातली औषधाची गोळी सुरू केली की पाळी पुढे जाते. मात्र एकदा नर्सबाईंना विचारून करा.

ज्यांना माला-एन चालत नाही त्यांनी निराश होऊ नये. ‘छाया’ ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधली गेली, आपल्या देशातली. तिच्यात संप्रेरक नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. तिने पाळी लांबते, हाच मुख्य त्रास. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, बीजकोशांवर गाठी सांगितल्या असतील तर ती नको. ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. बाळंतपणानंतर दीड महिन्याने पाजणाऱ्या आईलाही देता येते. त्याने पाळी आधी अनियमित होते आणि पुढे पुष्कळ जणींची बंदच होते. याने वजन वाढू शकते. हाडे थोडी हलकी होतात, ती इंजेक्शन बंद केल्यावर पुन्हा भरतात. इंजेक्शनची जागा चोळू नये, शेकू नये. याचाही रक्तदाब आधी मोजतात.

भाषणानंतर विचारलेले काही प्रश्न इथे देत आहोत.

एका भगिनीने विचारले, ‘गोळी बंद केल्यावर मूल होईल ना?’ होईल. माला-एन बंद केल्यावर स्त्रीबीज पुन्हा लवकरच सुटू लागते. अंतराच्या बाबतीत शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने वाट पाहावी लागते, हे हिशेबात धरून साधन निवडावे.

एका आजीबाईंनी विचारले, ‘गोळीनं कर्करोग होतो म्हणतात, खरं का?’ आजी, याचे उत्तर दोन्ही बाजूंचे आहे. बीजकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग गोळी घेणाऱ्यांत कमी आढळतो. स्तनाचा कर्करोग गोळी चालू असताना किंचित जास्त आढळतो, आणि पाच वर्षांहून अधिक काळ घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या मुखाचाही. म्हणून तिशीनंतर सरकारी दवाखान्यात स्तनाची आणि गर्भाशयमुखाची जी तपासणी होते ती चुकवू नये. छातीत गाठ लागली तर लाज न धरता त्याच आठवड्यात दाखवावी.

मागच्या रांगेतल्या एका भाऊंनी विचारले, ‘आमच्यासाठी गोळी नाही का?’ अजून तरी दवाखान्यात देता येईल अशी नाही. निरोध आहे, आणि तोच एक एड्ससारख्या रोगांपासूनही वाचवतो. मुले पुरे झाली असतील तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया आहे. काही मिनिटांची, त्याच दिवशी घरी जायचे. ताकद कमी होत नाही. तीन महिने मात्र निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून खात्री करून घ्यायची. आणि भाऊ, मालकीण गोळी घेत असेल तर तीन महिन्यांनी तिला रक्तदाब मोजायला घेऊन यायचे काम तुमचे. कार्ड आणायला विसरू नका.